घरी जाऊन नर्सिंग: आधी औषधाचं घड्याळ बघा, मग रस्ता

ताई नमस्कार. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज रविवार म्हणून दुपारी निवांत बसून उत्तर लिहितेय, थोडं लांबणार आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमच्या भावाने आठ महिन्यांपूर्वी इंदूरच्या राजेंद्र नगरमधून घरी जाऊन नर्सिंग करायचं काम सुरू केलं, ४ सिस्टर आहेत, १६ पेशंट आहेत आणि ते निपानियापासून राऊपर्यंत पसरलेत, रोज कोणाचा ना कोणाचा डोस उशिरा होतो, घरचे फोनवर रागावतात, एक सिस्टर सोडून जायच्या बेतात आहे. आणि विचारलंय की रूट लावून देणारं कुठलं ॲप घ्यावं. शिवाय महूचे एक काका ऑक्सिजनवर आहेत, त्यांना घ्यावं का हेही विचारलंय.

मी आधी ७ वर्षं वॉर्डात सिस्टर होते आणि गेली १२ वर्षं इंदूरमध्ये हेच घरी जायचं काम करतेय, आता जास्त करून टाइमटेबल लावणं माझ्याकडे असतं. ॲपचं शेवटी सांगते, कारण तुमची अडचण मला रस्त्याची वाटतच नाही. तुमच्याकडे भेटींचा हिशोब मांडलेला नाहीये, आणि तो मांडला की उशीर का होतो ते एका कागदावर दिसतं.

तुम्ही पेशंटची यादी दिलीत ते फार बरं केलंत. ३ पेशंट मेरोपेनेमवर (शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक), दर ८ तासांनी. ४ जणांना दिवसातून एकदा इंजेक्शन, सेफ्ट्रायॅक्सोन नाहीतर टायकोप्लॅनिन. ५ जणांचं ड्रेसिंग एक दिवसाआड. उरलेले ४ म्हणजे कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), आठवड्याचं इंजेक्शन असे. आता पेशंट मोजू नका, भेटी मोजा. मेरोपेनेमच्या ९, रोजच्या इंजेक्शनच्या ४, ड्रेसिंगच्या सरासरी अडीच, आणि बाकीच्यांची रोजची अर्धी किंवा एक धरा. झाल्या १६ ते १७ भेटी, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फक्त ३ पेशंटच्या आहेत! हे एकदा कळलं की निम्मा प्रश्न कुठे अडकलाय ते समजतं.

आता दुसरी बाजू, हात किती आहेत. ४ सिस्टर पण प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी, म्हणजे आठवड्याला २४ पाळ्या, रोजच्या साडेतीन सुद्धा होत नाहीत, तुम्ही ३ च धरा. एका भेटीला किती वेळ लागतो हे मात्र खरं खरं मोजा, ड्रिप ३० मिनिटांची म्हणून भेट ३० मिनिटांची होत नाही. गाडी लावायची, बेल वाजवायची, चपला काढायच्या, हात धुवायचे, बीपी, टेंपरेचर, कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) बघायची, सलाईनने फ्लश करून बघायचं, औषध विरघळवायचं, ड्रिप, परत फ्लश, वहीत लिहायचं, आजींचं दोन मिनिटं ऐकायचं (हे वेळेत धराच, ते कामच आहे). माझ्या मोजणीत हे ५५ मिनिटांच्या खाली कधी आलं नाही. प्रवासाचे २० धरा, झाले ७५. ८ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं, त्यातून सकाळी सामान घ्यायचे ४५ आणि जेवणाचे ३० काढा, उरले ४०५, भागिले ७५, म्हणजे ५ भेटी आणि थोडं वर. तीन सिस्टर गुणिले ५ म्हणजे १५. आणि तुमच्या भेटी १७. कुठलंही ॲप आणलंत तरी १५ च्या जागेत १७ बसवून देणार नाही, ते फक्त उशीर सगळ्यांत वाटून देईल.

त्यात हे १५ सुद्धा कागदावरचे, कारण मेरोपेनेमच्या भेटी सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशा गोळा झालेल्या असणार, आपण वॉर्डातल्या सवयीने सगळ्यांना तेच टाइम लिहितो. वॉर्डात ते चालतं कारण बेड शेजारी शेजारी असतात. सकाळी ६ ला तीन घरी तीन सिस्टर कुठून आणणार? दोन डोसांमधलं अंतर सारखं राहणं महत्त्वाचं, घड्याळात ६ च वाजले पाहिजेत असं काही नाही. एकाला ५:३०, १:३०, ९:३० आणि दुसऱ्याला ६:४५, २:४५, १०:४५ असं लावलं तर एकच सिस्टर दोन्ही घरं करून पुढे जाते. तिसरा मात्र याच साखळीत घातला तर रात्रीचा डोस १२ वर जातो, सिस्टर घरी पोचायला एक, आणि मग ती सोडूनच जाणार. तुमची जी सिस्टर सोडायचं म्हणतेय तिला विचारा, मला खात्री वाटते की रात्रीच्या डोसाचाच त्रास असेल. रात्रीच्या भेटीला आम्ही एकटीला पाठवत नाही, गाडीवर कोणीतरी सोबत असतंच, तुमचा भाऊ आहे तर ते काम त्याचं.

म्हणून या तीन पेशंटचं पहिलं काम डॉक्टरांकडे आहे, तुमच्याकडे नाही. ट्रीटिंग डॉक्टरांना फोन करून सरळ विचारायचं की सर, दिवसातून एकदा देता येईल असं काही बसेल का. एर्टापेनेम हे त्याच घराण्यातलं औषध दिवसातून एकदा देतात, पण ते स्यूडोमोनास आणि ॲसिनेटोबॅक्टरवर चालत नाही, त्यामुळे कल्चर रिपोर्टमध्ये कुठला जंतू आलाय त्यावर सगळं अवलंबून आहे. रिपोर्ट हातात घेऊनच फोन करा, नाहीतर डॉक्टर म्हणतील आहे तेच चालू ठेवा आणि त्यांचं बरोबरच असेल. बदलता येत नसेल तर दुसरा प्रश्न विचारा, ड्रिपनेच द्यायचं का सिरिंजने हळू पुश चालेल? मेरोपेनेमचा १ ग्रॅमपर्यंतचा डोस ५ मिनिटांत हळू पुश देता येतो हे पत्रकातच लिहिलेलं असतं, पण काही डॉक्टर मुद्दाम लांब ड्रिप लावतात कारण अवघड इन्फेक्शनमध्ये औषध जास्त वेळ रक्तात राहावं अशी त्यांची इच्छा असते, तेव्हा आपल्या मनाने पुश करायचं नाही. लेखी परवानगी मिळाली तर भेटीमागे २०-२५ मिनिटं वाचतात. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं उलटं आहे, १ ग्रॅमला कमीत कमी एक तास हवाच, घाईत सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते, बीपी पडतं. व्हॅन्कोचा पेशंट घेताना ती दोन तासांची भेट आहे असं धरूनच घ्या.

आता टाइमटेबल लावायची माझी पद्धत सांगते. मी भेटींचे तीन ढीग करते. पहिला ढीग खिळ्यांचा, म्हणजे ८ तासांची, १२ तासांची औषधं, ज्यांची वेळ हलत नाही किंवा फार तर अर्धा पाऊण तास हलते, आणि किती हलू शकते हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. दुसरा ढीग दिवसात कधीही चालतील अशा भेटींचा, ड्रेसिंग आणि दिवसातून एकदाची बरीच इंजेक्शनं यात येतात, फक्त रोज साधारण त्याच वेळेला. तिसरा ढीग वाराचा, कॅथेटर बदलणं, आठवड्याचं इंजेक्शन, पिक लाइनचं (दंडातून मोठ्या शिरेत नेलेली नळी) ड्रेसिंग (पारदर्शक असेल तर ७ दिवसांनी, गॉजचं असेल तर दोन दिवसांनी, आणि ओलं झालं किंवा सुटलं तर लगेच). आधी कागदावर फक्त खिळे ठोकायचे. मग दोन खिळ्यांच्या मधे, त्याच भागातल्या दुसऱ्या ढिगातल्या भेटी भरायच्या. सुदामा नगरमध्ये ६:४५ चा खिळा आहे तर त्याच्या पुढे अन्नपूर्णा, लोकमान्य नगरची ड्रेसिंग. बहुतेक नवे लोक उलटं करतात, आधी नकाशा बघून जवळची घरं जोडतात आणि मग औषधाची वेळ त्यात कोंबतात, म्हणूनच उशीर होतो.

एक गोष्ट नकाशा बिघडला तरी सोडू नका. ज्याच्या जखमेत पू आहे, एमआरएसए (बऱ्याच औषधांना दाद न देणारा जंतू) आलाय, तो त्या सिस्टरच्या पाळीतला शेवटचा. पिक लाइन असलेला, केमोवाला, डायलिसिसवाला सकाळी आधी. त्यासाठी चार किलोमीटर जास्त पडले तर पडू द्या.

आणि होईल तितकं एका पेशंटला एकच सिस्टर. यात लाड नाहीये. जी सिस्टर सलग चार दिवस एकच बेडसोर बघते तिला कड कुठे काळी पडली ते कळतं, नवी येणारी फक्त ड्रेसिंग करून जाते. सुट्टीच्या दिवसासाठी दुसरी एक ठरलेली ठेवा, तिची ओळख आधीच करून द्या, आणि जखमेचं माप पट्टी ठेवून फोटोसकट वहीत असू द्या म्हणजे बदली आलेलीला आधार राहतो.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भांडते ती म्हणजे डिस्चार्जचा दिवस. घरच्या नर्सिंगमधली निम्मी धावपळ हॉस्पिटलच्या दारात सुरू होते. शनिवारी संध्याकाळी ६ ला डिस्चार्ज, ७ ला मुलाचा फोन, ताई आजपासून या, रात्री १० ला डोस आहे. औषध आणलंय का? नाही. चिठ्ठीत काय लिहिलंय? इंजेक्शनचं नाव आणि बीडी, म्हणजे दिवसातून दोनदा. कशात विरघळवायचं, किती एमएल, किती वेळात, शेवटचा डोस कधी, काही नाही. असे पेशंट मी पहिली तीन वर्षं घेतले आणि एकदा एका आजोबांचा रात्रीचा डोस आम्हाला सकाळी ८ ला देता आला, कारण मेडिकलवाला साध्या फोटोवर इंजेक्शन देईना. त्याचंही बरोबर होतं, मेरोपेनेम, सेफ्ट्रायॅक्सोन ही शेड्यूल एच१ या सरकारी यादीतली औषधं आहेत, दुकानदाराला पेशंट, डॉक्टर आणि औषधाची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते आणि ते रजिस्टर ३ वर्षं सांभाळावं लागतं. आजोबांना काही झालं नाही, पण ती रात्र मी अजून विसरले नाही.

तेव्हापासून नियम केला, २४ तास आधी कळवलं तरच पेशंट. त्या २४ तासांत आमची एक सिस्टर हॉस्पिटलमध्ये जाऊन वॉर्डाच्या सिस्टरला भेटते आणि लेखी ऑर्डर घेते, ज्यात औषध, डोस, कशात, किती एमएल, किती मिनिटांत, कुठल्या वेळा, शेवटची तारीख आणि अडचण आली तर कोणाला फोन हे सगळं हवं. नव्या अँटिबायोटिकचा पहिला डोस हॉस्पिटलमध्येच झालेला पाहिजे, घरी पहिला डोस आम्ही देत नाही, कोणी कितीही ओळखीचं असो. औषध कमीत कमी तीन दिवसांचं घरात आलेलं पाहिजे. आणि घर बघितलेलं पाहिजे.

घर बघणं म्हणजे काय ते सांगते. लोकमान्य नगरला एका आजींकडे ड्रिप लावायला स्टँड नव्हता, नातवाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्या खिळ्याला बाटली अडकवली. ड्रिप थेंब थेंब चालून थांबायची, सिस्टर कॅन्युला बदलायला निघाली होती. मी गेले, बघितलं तर आजींचा पलंग जुना उंच शिसवी, आणि खिळा त्यांच्या डोक्याच्या जेमतेम वर. बाटली हातापेक्षा निदान तीनेक फूट उंच नको का? पडद्याच्या दांडीला एस हुक लावला, पलंग दोन हात खिडकीकडे सरकवला, ड्रिप सुरू. आजींना एक टोचणं वाचलं. अशा गोष्टी आधीच्या भेटीत दिसतात. हात धुवायचं बेसिन कुठे, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तर वर टाकी आहे का, लिफ्ट आहे का, फ्रिज कोण किती वेळा उघडतं, रात्री गेट कोण उघडणार, कुत्रा बांधलेला असतो का. पोटाच्या डायलिसिसचा पेशंट कधी घेतलात तर जागेचा हिशोब आधी करा, रोज २ लिटरच्या ४ पिशव्या म्हणजे महिन्याला १२०, नुसतं पाणीच २४० किलो, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय ते कोण चढवणार आणि कुठल्या खोलीत ठेवणार?

सामानाचं असं करा. आत्ता तुमच्या सिस्टर रोज सकाळी राजेंद्र नगरला येऊन सामान घेऊन निपानियाला जातात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आख्खं शहर आडवं कापून जातात. ते बंद करा. प्रत्येक पेशंटच्या घरी झाकणाचा एक डबा, त्यात त्या पेशंटचं सहा दिवसांचं सगळं, ड्रिप सेट, सिरिंज, फ्लश, ग्लोव्हज, टेप, औषध. झाकणाच्या आत यादी चिकटवायची, सिस्टरने निघताना उरलेलं मोजून फोटो टाकायचा. दोन दिवसांचं उरलं की भरायचं, ते काम तुमचा भाऊ आठवड्यातून दोनदा गाडीवर करू शकतो, दवा बाजारातून घेऊन तसाच वाटत वाटत. सिस्टर घरून थेट पहिल्या पेशंटकडे जाईल. आमच्याकडे एवढ्या एका बदलाने पाळीमागे जवळजवळ एक भेट वाढली.

फ्रिजमधल्या औषधांचं वेगळं, आणि इथे मी स्वतः चूक केलीय म्हणून जरा सविस्तर. एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवायचं औषध) दोन प्रीफिल्ड इंजेक्शनं पोचवायची होती, मे महिना, ऊन रणरणतं, मला वाटलं गरम व्हायला नको म्हणून फ्रीजरमधला आइस पॅक काढला आणि इंजेक्शनं थेट त्यालाच टेकवून डब्यात ठेवली. चाळीस मिनिटांनी सिस्टरने डबा उघडला तर एका सिरिंजच्या लेबलवर पांढरं दव जमलेलं. तिने उजेडात धरली, आत बारीक सुया सुयांसारखा बर्फ. वितळल्यावर ते औषध अगदी स्वच्छ, पहिल्यासारखंच दिसतं, हाच धोका आहे. दोन्ही टाकून दिली, घरच्यांना खरं सांगितलं आणि माझ्या पैशांनी नवी आणून दिली. २ ते ८ डिग्रीचं औषध गोठलं की गेलं, ते परत वापरायचं नाही, इन्सुलिनचंही तेच. आता आइस पॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवतो, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला की मगच डब्यात, आणि पॅक व औषध यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा टॉवेल. दीडदोनशे रुपयांचं छोटं थर्मामीटर आत. घरच्या फ्रिजमध्ये दारात नाही आणि मागच्या भिंतीला टेकवूनही नाही, मधल्या कप्प्यात डब्यात घालून.

कचऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही म्हणून मीच विचारते, सुया कुठे जातायत? इंदूरमध्ये घरोघरी कचरा वेगळा करून गाडीत टाकायची लोकांना एवढी चांगली सवय लागलीय आणि आपणच त्यांच्या पिशवीत सुई टाकायची हे मला अजिबात पटत नाही, गाडीवरचा माणूस हाताने ते वेगळं करतो. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत रंग ठरलेत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, ड्रिप सेट आणि बिनसुईच्या सिरिंज लाल पिशवीत, रक्तापुवाचे बोळे पिवळ्या पिशवीत, काचेच्या व्हायल निळ्यात. सिस्टरच्या बॅगेत छोटा पांढरा डबा असलाच पाहिजे, सुई टोचून झाली की झाकण न लावता थेट त्यात. बाकीचं परत तुमच्या ऑफिसला आणि तिथून ज्या संस्थेशी तुमचा करार असेल तिच्याकडे. करार नसेल तर नवा पेशंट घ्यायच्या आधी तो करा. परतीचा हा कचरा टाइमटेबलमध्ये धरायला सगळे विसरतात, शेवटच्या भेटीनंतर २०-२५ मिनिटं त्यालाही लागतात.

महूच्या काकांचं. घ्यावं की नाही हे त्यांना किती लिटर ऑक्सिजन लागतो, २४ तास लागतो की फक्त झोपताना, आणि घरात धडधाकट माणूस कोण आहे यावर आहे. समजा २ लिटर आणि २४ तास. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) मुख्य, सिलिंडर फक्त लाइट गेल्यावर. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू असतो, २ लिटर मिनिटाला म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास, मी १० च धरते कारण शेवटचं प्रेशर भरवशाचं नसतं. मोठा डी टाइप म्हणजे ७००० लिटर, २ लिटरवर दोन दिवस आरामात, पण तो उचलायला दोन माणसं लागतात. ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॉट खातं, घरातल्या नेहमीच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ते तीन तासांच्या आसपास चालेल, तेही पंखे दिवे बंद ठेवून. आता तुमची बाजू बघा, महू इंदूरपासून २३ किलोमीटर, राजेंद्र नगरहून थोडं कमी, पण जाऊन येऊन दीड दोन तास गेलेच, म्हणजे एका भेटीत दोन भेटी खर्च. आणि रात्री मशीन बंद पडलं तर तुम्ही पोचेपर्यंत तासभर. मी तुमच्या जागी असते तर आज घेतलं नसतं. महूमध्येच राहणारी एखादी सिस्टर मिळाली तर तिला लावून, घरच्यांना सिलिंडर बदलायला शिकवून, आठवड्यातून एकदा तुम्ही जाऊन बघायचं असं जमू शकतं. नाही म्हणताना दुसऱ्याचं नाव सुचवून नाही म्हणा, म्हणजे काकांची अडचण होणार नाही.

तातडीच्या वेळेसाठी प्रत्येक सिस्टरच्या बॅगेत ॲड्रेनालिनचे दोन ॲम्प्यूल आणि डॉक्टरांनी सही केलेली ऑर्डर हवीच. इंजेक्शन सुरू असताना घसा आवळला, अंगावर पित्त उठलं, बीपी पडलं तर ड्रिप बंद, मोठ्या माणसाला ॲड्रेनालिन अर्धा एमएल मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, १०८ ला फोन, मग डॉक्टरांना फोन, याच क्रमाने. महिन्यातून एकदा सगळ्या सिस्टरना समोर बसवून हे तोंडपाठ म्हणून घ्या. अजून एक, औषध संपल्यावर निदान २०-३० मिनिटं सिस्टरने थांबायचं, खास करून पहिल्या दोन तीन दिवसांत, आणि तो वेळही ७५ मध्ये नाही, वरचा धरा.

आपल्या शहराचं कॅलेंडरही बघा. रंगपंचमीच्या गेरला (रंग उडवत निघणारी मिरवणूक) राजवाड्याच्या आजूबाजूला सकाळपासून दुपारपर्यंत गाडी आत शिरत नाही, त्या भागातला पेशंट असेल तर सिस्टर सकाळी लवकर आत पोचलेली हवी आणि दुपारच्या डोसापर्यंत तिने तिथेच थांबायचं, त्या दिवशी तिला दुसरं घर द्यायचं नाही. अनंत चतुर्दशीला झाक्यांची (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) रात्र, तेव्हा रात्री १० चा डोस अडकतो, तो डॉक्टरांना विचारून आधीच पुढे मागे करून घ्या. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतात.

आणि कृपा करून रिकामी जागा ठेवा. कॅन्युला निघाली, नवी मिळेना, वृद्ध माणसाची शीर सापडायला ४० मिनिटं लागतात, असं दिवसातून एकदा होतंच. म्हणून प्रत्येक सिस्टरला ५ नाही, ४ च भेटी द्या आणि उरलेला तास मोकळा. म्हणजे तीन सिस्टरच्या १२ भेटी, जास्तीत जास्त १३. उशीर होणार असं दिसलं की वेळेच्या आधी फोन जायला हवा, तोही ऑफिसमधून, गाडीवरच्या सिस्टरने करायचा नाही. घरचे लोक उशिरावर जितके रागावतात त्याहून जास्त कळवलं नाही म्हणून रागावतात.

तर आत्तापर्यंतचा हिशोब असा झाला की आज १७ भेटी आहेत, नीट होतील अशा १३ आहेत, आणि मधल्या ४ च्या आसपास भेटी कमी करायला दोन जागा आहेत, मेरोपेनेमचे तीन पेशंट आणि सामान घ्यायची सकाळची फेरी.

आता ॲप. दहा घरं कुठल्या क्रमाने करायची याचे ३६,२८,८०० प्रकार होतात, त्यातला सगळ्यात कमी अंतराचा शोधायचा हा गणितातला जुना प्रश्न आहे, १९५९ मध्ये डान्टझिग आणि रॅमसर यांनी पेट्रोलच्या ट्रकसाठी त्याचाच अनेक गाड्यांचा प्रकार मांडला होता आणि आजची रूटची सॉफ्टवेअर त्याच वाटेने आलीत. ती चांगली असतात, मी वापरते. पण एका सिस्टरच्या वाट्याला रोज चार पाच घरं आहेत, त्यातली दोन वेळेला बांधलेली, तिथे क्रम ठरवायला कागद पुरतो. माझा अनुभव असा की रोजच्या ४० भेटींच्या पुढे गेलात की हाताने लावलेलं टाइमटेबल फुटायला लागतं, तेव्हा घ्या, आणि घेताना एकच बघा की त्यात प्रत्येक भेटीला वेळेची खिडकी आणि ठरलेली सिस्टर टाकता येते का. नुसतं जवळचं अंतर काढून देणारं सामान पोचवणाऱ्यांसाठी ठीक आहे, आपल्याला नाही. तोपर्यंत फोनवरची साधी शीट, आडव्या ओळीत सिस्टर, उभ्या ओळीत अर्धा अर्धा तास, खिळे लाल रंगात.

उद्या सकाळी दुसरं काही करू नका, त्या तीन मेरोपेनेमवाल्यांच्या फाइली काढा आणि तीन गोष्टी बघा, कल्चरमध्ये कुठला जंतू आहे, कोर्सचे किती दिवस उरलेत, आणि शेवटच्या तारखेचा उल्लेख आहे का. कोणाचे दोनच दिवस राहिले असतील तर त्यांच्यासाठी काहीच बदलू नका, तुम्ही आणि भाऊ मिळून तेवढे रात्रीचे डोस ओढून न्या आणि त्या सिस्टरला तेवढ्या रात्री घरी राहू द्या. बाकीच्यांसाठी ओपीडी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, सकाळी ९ च्या सुमाराला ते निवांत बोलतात. जंतूचं नाव इथे लिहिलंत तर डॉक्टरांना प्रश्न कसा विचारायचा ते मी लिहून देईन, पेशंटचं नाव मात्र टाकू नका.